मोटारीच्या दोषाचे निदान
(एका व्याख्यानाची संहिता)



जबलपूरचे नाव निघाले की मराठी माणसाला भेडाघाटचा संगमरवर आणि धुवांधार येथे कोसळणारी नर्मदा यांची आठवण होते. १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तोवर नागपूर हीच त्याचीही राजधानी होती. तथापि या शहराची आणखी एक ओळख आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. जर्मनीतील एम.ए.एन. कंपनीच्या सहकार्याने १९५९ पासून शक्तिमान नावाचा लष्करी ट्रक येथे बनू लागला, आणि १९६९ साली व्हेईकल फॅक्टरी हा खास वाहनांचा कारखाना उभा राहिला. जपानच्या निसान कंपनीच्या आराखड्यावरून या कारखान्याने जोंगा नावाची गाडी तयार केली. तिचे नावच या शहराच्या नावावरून पडलेले आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन-कॅरेज असेंब्ली या शब्दांतील अक्षरे जुळवून ते सिद्ध झाले. १९९९ पर्यंत या गाडीचे उत्पादन चालले. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा पुढे खाजगी मालकांकडे आल्या आणि त्यांतील काही अद्यापही धावताना दिसतात.

ज्या शहरात इतकी वर्षे गाड्या घडल्या, तेथे गाड्यांची दुखणी ओळखणारे लोकही घडले असल्यास नवल नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे: दुखणे ओळखणे. त्यासाठी आजच्या मोटारीतील एक लहानसा भाग उदाहरणादाखल घेतला आहे. त्याला थ्रॉटल पोझिशन सेन्सर असे म्हणतात. काडेपेटीएवढ्या या वस्तूची हकिकत ऐकण्यासारखी आहे. कारण ती बिघडली तर काय होते यापेक्षा, ती बिघडली असे आपण कशावरून म्हणतो, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

प्रथम जुन्या गाडीकडे पाहू. जोंगाचे पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटर क्षमतेचे होते. त्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. चालकाने एक्सिलरेटर दाबला की तारेच्या ओढीने हवेच्या मार्गातील एक चकती फिरते. ही चकती म्हणजे थ्रॉटल. ती जितकी उघडेल तितकी हवा आत जाते आणि त्या हवेच्या वेगाने पेट्रोल ओढले जाते. परंतु येथे एक अडचण असते. चकती एकाएकी उघडली की हवा तत्काळ आत धावते. पेट्रोल हवेपेक्षा जड असल्याने ते क्षणभर मागे राहते. त्या क्षणी इंजिन उपाशी राहून अडखळू नये म्हणून कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप बसविलेला असे. पाय दाबताच तो पेट्रोलची एक पिचकारी मारी. या पंपाचे चामडे झिजले की गाडी ‘पिकअप घेत नाही’, अशी तक्रार येई, आणि अनुभवी मिस्त्री केवळ आवाजावरून दोष सांगत असे.

आजच्या गाडीत हा पंप नाही. धुरावरील निर्बंध कडक होत गेले तसतसा कार्ब्युरेटर मागे पडला. धूर शुद्ध करणारा जो उत्प्रेरक धुराड्याच्या मार्गात बसवितात, तो नीट चालण्यासाठी एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण काटेकोरपणे सांभाळावे लागते, आणि ते काम यांत्रिक कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीची पद्धत बाजारात आणली होती. भारतात २००० सालापासून देशभर नवी मानके लागू झाली आणि त्या सुमारास ही पद्धत येथील सामान्य मोटारीतही आली. २०२० च्या १ एप्रिलपासून अमलात आलेल्या भारत स्टेज सहा या मानकांनंतर तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावाचून नवी मोटार कल्पिताही येत नाही.

या नव्या व्यवस्थेत किती पेट्रोल सोडावे हे एक संगणक ठरवितो. कारागीर त्याला ई.सी.यू. म्हणतात. हा संगणक बंद पेटीत बसलेला असतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. बाहेर काय चालले आहे हे त्याला सेन्सर सांगतात: हवा किती आली, पाणी किती तापले, इंजिनचे फेरे किती. थ्रॉटलची चकती किती उघडली आहे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ती किती झपाट्याने उघडत आहे, हे सांगण्याचे काम थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे. जुन्या पंपाच्या पिचकारीची जागा या निरोपाने घेतली आहे. निरोप वेळेवर मिळाला की संगणक पेट्रोल वाढवितो. न मिळाला तर गाडी पूर्वीसारखीच अडखळते. रोग तोच आहे. फक्त त्याचे स्थान बदलले आहे.

सेन्सरची रचना समजण्यास कठीण नाही. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याची गोल खुंटी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पोटात कार्बनचा एक अर्धगोल पट्टा असतो आणि त्यावरून धातूची एक जीभ सरकते. या सेन्सरचा रूढ प्रकार तंतोतंत तसाच आहे. त्याला तीन तारा जोडलेल्या असतात. एका तारेने संगणक पाच व्होल्टचा दाब पुरवितो. दुसरी तार अर्थची. तिसरीवरून जिभेच्या जागेप्रमाणे कमीअधिक दाब संगणकाकडे परत जातो. चकती मिटलेली असता हा दाब बहुधा अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडली असता साडेचार व्होल्टच्या आसपास असतो. निश्चित आकडे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात. शून्य आणि पाच ही दोन्ही टोके मुद्दाम मोकळी ठेवलेली आहेत: दाब शून्याशी आला किंवा पाचाला भिडला, तर हा चकतीचा निरोप नसून काहीतरी तुटले आहे, असे संगणकाला कळावे.

कार्बनचा पट्टा झिजतो, आणि तो सर्वत्र सारखा झिजत नाही. शहरात गाडी चालविताना चकती बहुतेक वेळ थोडीशीच उघडी असते. जीभ त्या थोड्याशा अंतरातच दिवसभर मागेपुढे होत राहते, आणि देवळाच्या पायरीचा दगड जसा मधोमध खोलगट होतो तसा पट्टा तेथेच खरवडला जातो. त्यामुळे झिजलेल्या सेन्सरची गाडी एका ठराविक मंद वेगाला झटके मारते आणि त्याच्या पुढे मात्र सुरळीत धावते. असे लक्षण ज्याने नीट ऐकून घेतले त्याचे अर्धे काम झाले. उलट, निरोप चुकून ‘चकती पूर्ण उघडी आहे’ असा जाऊ लागला तर पुष्कळ गाड्या चालूच होत नाहीत. कारण इंजिनात जादा पेट्रोल साचले असता ते निघून जावे म्हणून, एक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरविल्यास संगणक पेट्रोल बंद ठेवतो, अशी त्यांत योजना असते. चालकाचा पाय पायदानावर नसतानाही संगणकाला तो पूर्ण दाबलेला वाटतो, आणि गाडी मुकी राहते.

आता एक प्रसंग कल्पू. जबलपुरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची लहान गाडी आहे. दहाबारा वर्षांची, तारेने ओढल्या जाणाऱ्या थ्रॉटलची. लेक नागपूरला दिली असल्याने वर्षातून दोनचार वेळा त्यांचे तिकडे जाणे होते. बरगी, लखनादौन, सिवनी असे टप्पे घेत रस्ता कुरईच्या घाटात उतरतो, आणि त्यावर मालट्रकांची वर्दळ असते. आषाढातल्या एका दिवशी पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी बाईंनी एक्सिलरेटर दाबला आणि अर्ध्या वाटेत, ट्रकच्या चाकांना समांतर असताना, गाडीने दम सोडला. कोणी पाय उचलावा तशी ती मागे पडली. दोन क्षणांनी पुन्हा सावरली. समोरून येणारे वाहन अद्याप दूर होते म्हणून निभावले. घड्याळातील पिवळा दिवा तेवढा लागून राहिला.

जबलपूरला परतल्यावर बाईंनी गाडी दुरुस्तीला दिली. कारागिराने स्कॅनर जोडला. पी ०१२२ हा संकेतांक उमटला. त्याचा अर्थ, थ्रॉटलच्या सेन्सरच्या मंडलात दाब अपेक्षेपेक्षा कमी. कारागिराने सेन्सर बदलला, दिवा घालविला, पैसे घेतले. आठ दिवसांनी पाऊस पडला आणि दिवा पुन्हा लागला. कारागिराने नवा सेन्सरच सदोष निघाला असावा असे सांगून तिसरा बसविण्याची तयारी दाखविली. यात त्याची लबाडी होती असे समजण्याचे कारण नाही. त्याची चूक वाचण्यातील होती. संकेतांकात ‘मंडल’ हा शब्द होता. त्याने ‘सेन्सर’ एवढाच वाचला.

मंडल म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, तीन तारा, अर्थ आणि संगणकाचे आतील जोड हे सर्व मिळून. संकेतांक म्हणजे निकाल नव्हे, फिर्याद आहे. कोणत्या घरातून ओरडा आला एवढे ती सांगते. कोणी मारले ते सांगत नाही. काही वेळा तर ओरडा या घरातून येतो आणि मूळ भांडण शेजारी असते: पुष्कळ गाड्यांत पाच व्होल्टचा एकच पुरवठा दोनतीन सेन्सरांना मिळून दिलेला असतो, आणि त्यांतील दुसऱ्याच एखाद्याने पुरवठा खाली ओढला तरी थ्रॉटलच्या नावाने तक्रार उमटते.

बाईंनी गाडी दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे नेली असे समजू. त्याचे आयुष्य कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर गेले आहे. स्कॅनर त्याच्याकडे नंतर आला. तो प्रथम गाडीला हात लावीत नाही. तो विचारतो: दम कधी सुटतो, थंड असताना की तापल्यावर? कोणत्या वेगाला? खड्ड्यात आदळल्यावर सुटतो का? पाऊस होता का? बाईंनी आठवून सांगितले की वेगाचे काही खरे नाही, कोणत्याही वेगाला होते. पण दोन्ही वेळा पाऊस होता आणि रस्ता खराब होता. एवढ्या उत्तरावरून मिस्त्रीने एक शक्यता मागे टाकली. झिजलेला पट्टा एका ठराविक जागी त्रास देतो. त्याला पावसाशी कर्तव्य नाही.

मग त्याने जे स्वस्त ते आधी तपासले. हवेची रबरी नळी कोठे चिरली आहे का? थ्रॉटलच्या चकतीवर काजळी साचून ती अडकते का? एक्सिलरेटरची तार मोकळी सरकते का? पायदानाखाली चटई अडकते का? या प्रत्येक कारणाने गाडी अडखळू शकते आणि त्यासाठी एकही भाग विकत घ्यावा लागत नाही. येथे काही सापडले नाही तेव्हा त्याने इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरविली, आणि कपलरच्या मागील बाजूने बारीक टोचणी सरकवून मीटर जोडला. मीटर काट्याचा होता. उमेदवारी करणाऱ्या मुलाने आकडे दाखविणारा नवा मीटर पुढे केला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “अरे, आकडा थांबल्यावर खरे सांगतो, चालताना कोण अडखळले ते काटा सांगतो.” हे यथार्थ आहे. साधा आकडी मीटर सेकंदातून दोनचार वेळाच वाचन बदलतो; पापणी लवण्याइतका खंड त्याच्या हातून निसटू शकतो. काटा मात्र थरथरतो. ऑसिलोस्कोप असेल तर त्याहून उत्तम. पण तो लहान दुकानात क्वचित असतो.

चकती सावकाश उघडताना काटा अर्ध्या व्होल्टपासून वर चढत गेला आणि तसाच उतरला. कोठे अडला नाही. नवा सेन्सर निर्दोष होता. तो पहिलाही बहुधा निर्दोषच होता. मग मिस्त्रीने अर्थची तार पाहिली. बॅटरीच्या ऋण टोकापासून सेन्सरच्या अर्थपर्यंत दाबातील फरक जवळजवळ शून्य असावा लागतो. एक दशांश व्होल्टहून अधिक भरला तर वाट गंजलेली समजावी. तीही ठीक होती. शेवटी त्याने मीटर पाच व्होल्टच्या तारेवर ठेवला आणि मुलाला वायरिंगची जुडी हळूहळू हलवीत जाण्यास सांगितले. काटा पाचावर स्थिर होता. मुलाचा हात कपलरपासून वीतभर अंतरावर पोचला आणि काटा एकदम शून्याकडे पडला. हात सोडला, काटा पुन्हा पाचावर.

तेथली काळी पट्टी सोडविली तेव्हा तारेच्या वेष्टनावर सुईच्या अग्राएवढे एक छिद्र दिसले. आतील तांबे हिरवे पडून भुगा झाले होते. दोनचार तंतू कसेबसे टिकून होते. दोनतीन पावसाळ्यांपूर्वी कोणीतरी दाब पाहण्यासाठी तारेतच सुई खुपसली असावी, आणि ते छिद्र तसेच ठेवून दिले असावे. त्यातून पाणी शिरत गेले. परीक्षा करणाऱ्याने परीक्षेनेच जखम केली होती. गाडी हिसकली की तंतू सुटत, पाच व्होल्ट नाहीसे होत, आणि संगणकाला वाटे की चालकाने पाय उचलला. वेगात असताना पाय उचलला की पेट्रोल तोडावयाचे, ही त्याला दिलेली आज्ञा. तिचे त्याने इमानाने पालन केले. कुरईच्या घाटात बाईंचा पाय खाली होता आणि संगणकाला तो वर दिसत होता, यापलीकडे त्या अपघाताच्या छायेत काही गूढ नव्हते.

वीतभर तार बदलली, जोड डाख देऊन पक्का केला, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढविली. मग पुन्हा तीच जुडी तशीच हलवून काटा स्थिर राहतो की नाही ते पाहिले. हा शेवटचा टप्पा पुष्कळदा वगळला जातो. दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे. ज्या परीक्षेत दोष प्रकट झाला होता त्याच परीक्षेत तो आता प्रकट होत नाही, हाच दुरुस्तीचा पुरावा होय.

नव्या गाड्यांत तारेने ओढले जाणारे थ्रॉटलही राहिलेले नाही. चालकाचा पाय केवळ एक इच्छा कळवितो आणि चकती फिरविण्याचे काम छोटी मोटर करते. तेथे एका सेन्सरच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे असल्याने दोन ठेवलेले असतात. काही गाड्यांत एकाचा दाब चढतो तेव्हा दुसऱ्याचा तितकाच उतरतो. संगणक दोन्ही पडताळून पाहतो, आणि जबान्या जुळल्या नाहीत तर गाडीची शक्ती आवरून ती जेमतेम घरी पोचेल इतकीच ठेवतो. अनेक गाड्यांत हे सेन्सर घर्षणावाचून, चुंबकाच्या साहाय्याने चालतात, म्हणून पट्टा झिजण्याचा प्रश्नही उरत नाही. परंतु तारा, कपलर आणि अर्थ तेथेही आहेत, आणि पाऊस तेथेही पडतो. शिवाय अशा थ्रॉटलची चकती साफ करताना ती बोटाने ढकलू नये. आतील दाते दुखावतात, आणि किल्ली चालू असल्यास मोटर बोटही चिरडू शकते. भाग बदलल्यास संगणकाला नवी मर्यादा शिकवावी लागते. त्याची रीत प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

स्कॅनर आल्यापासून दोन टोकाची मते ऐकू येतात. जुन्या पिढीतील काहींना वाटते की त्यांची विद्या संपली. नव्यांतील काहींना वाटते की यंत्र सांगते तेवढे करणे हीच विद्या. दोन्ही मते चुकीची आहेत. वृद्ध मिस्त्रीने जे केले त्यात नवे काय होते? प्रश्न विचारणे, ऐकणे, स्वस्त आणि सोपे ते आधी पाहणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, आणि शेवटी पुन्हा तपासणे. जोंगाचा कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वीही तो हेच करीत असे. स्कॅनरने त्याला कोठे पाहावे ते सांगितले. कसे पाहावे हे त्याचे त्यालाच माहीत होते. आणि ज्याला ते माहीत नाही त्याच्या अज्ञानाची किंमत तो स्वतः देत नाही. ती गाडीचा मालक देतो, प्रथम पैशाने, आणि घाटातील एखाद्या वळणावर कदाचित पैशाहून मोठ्या नाण्याने.

मोटार बाळगणाऱ्या सामान्य माणसाने यातून घ्यावयाचे ते इतकेच. दुरुस्तीला गाडी देताना कोणता भाग बदलणार हे विचारण्याआधी, तो सदोष आहे हे कशावरून ठरविले, असे विचारावे. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो मीटर पुढे करतो आणि काटा दाखवितो.